म्हसोबाचा हात मोडला

आज दुपारी भाच्याने आमच्या म्हसोबाचा हात मोडला. लाथ घालून. कशासाठी? तर रील काढायचं होतं.

ज्यांचं आमच्याकडे येणं-जाणं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गॅलरीत एक लाकडी खोड उभं आहे. पाच फूट उंच, तीन हात, गुडघ्यात वाकलेला एक पाय, मागे दोन आडव्या पट्ट्यांवर अडकवलेलं. विंग चुन कुंग फूमध्ये याला मुक यान जोंग म्हणतात, म्हणजे लाकडी माणसाचा खांब. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "हा कुठला म्हसोबा आणलास गं?" म्हणाल्या आणि तेच नाव पडलं. पहिल्याच दसऱ्याला त्यांनी आपणहून त्याला झेंडूची माळ घातली. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला जे न सांगता कळलं, ते या १९ वर्षांच्या घोड्याला कळलं नाही.

हात मोडून खाली पडल्यावर पोरगं काय म्हणालं माहितीये? "चिल गं मावशी, लाकूडच आहे. आणि हे कुठे उलट मारतं? याच्यावर प्रॅक्टिस करून काय उपयोग?"

डोकं फिरलं माझं. मोडल्याचं एक वेळ सोडा, पण हे वाक्य! हाँगकाँगला होते तेव्हापासून ऐकतेय. जो येतो तो हे वाक्य असं टाकतो, जणू जगात त्यालाच पहिल्यांदा सुचलंय. अरे, तानपुरा तरी कुठे उलट गातो? आणि आपल्याकडेच बघा ना. बाळंभट्टदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांब नावारूपाला आणला तो कुस्तीसाठीच ना? एरंडेल चोपडलेला तो खांब काही उलटून ढाक लावत नव्हता. म्हणून खांबाला मिठी मारणाऱ्या पैलवानाला कोणी "काय उपयोग?" विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती म्हणा.

२०११ ते २०१६ आम्ही हाँगकाँगला होतो. यौ मा तेई भागात एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सिफूंचा, म्हणजे आमच्या गुरुजींचा, क्लास होता. क्लास कसला, दोन खोल्यांमधली भिंत पाडलेली, एका कोपऱ्यात भात शिजवायचा कुकर आणि खिडकीबाहेर बांबूंवर कपडे. जाताना शांघाय स्ट्रीट लागायचा, तिथे दुकानांबाहेर मांस तोडायच्या जाड लाकडी ओंडक्यांचे ढीग असत, त्यांचा वास जिन्यापर्यंत माझ्याबरोबर यायचा. सिफू सत्तरीचे, अंगात बनियन, पायात घरातल्या सपाता. त्यांना इंग्रजी शंभर शब्द, मला कँटोनीज तीस. ते सारखे "मान मान" म्हणायचे आणि मी महिनाभर दर वेळी मान ताठ करायचे. नंतर कळलं, मान मान म्हणजे हळूहळू.

पहिलं दीड वर्ष लाकडाला हात लावू दिला नाही. आधी सिउ निम ताउ, एका जागी उभं राहून नुसतं हातांना वळण. मग चम किउ, त्यात वळणं आणि पाऊल टाकणं. मधे मधे ची साओ, जोडीदाराच्या मनगटाला मनगट चिकटवून त्याच्या जोराचा अंदाज घेत राहायचं. कोपऱ्यातला जोंग मी येता-जाता बघायचे, लहानपणी शोकेसमधली बाहुली बघायचे तशी.

आणि ज्या दिवशी हात लावायला मिळाला त्या दिवशी मी त्याला बडवला. दुसरा शब्द नाही. सगळी चौकट खडखडली. खालच्या मजल्यावरच्या बाईने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. मला वाटलं, वा, काय जोर आहे आपल्यात!

सिफू काही बोलले नाहीत. उठले, माझा हात धरला आणि तळवा खोडाच्या बाजूला, छातीच्या उंचीवर टेकवून ठेवला. आणि स्वतः समोरून करायला लागले. मी डोळ्यांनी बघत होते की त्यांचे हात सपासप चाललेत, लाकडावर लाकूड वाजल्यासारखं तक, तक होतंय. आणि माझ्या तळव्याला? खोड जरासं आत सरकायचं आणि परत जागेवर यायचं. गाईच्या पोटावर हात ठेवल्यावर तिचा श्वास कळतो ना, तेवढंच. खडखड नाही, थरथर नाही. त्यांनी दिलेलं सगळं मधोमध जात होतं आणि मी दिलेलं चौकटीच्या खिळ्यांत आणि खालच्या बाईच्या छतात गेलं होतं.

आता सांगा, यात उलट मारण्याचा प्रश्न आला कुठे?

म्हसोबा माणसासारखा दिसत नाही, कारण तो माणूस नाहीच. तीन हातांचा माणूस तुम्हाला रस्त्यात भेटणार नाही. ते हात म्हणजे मोजमाप आहे. वरच्या दोन हातांमधल्या जागेत शिरायचं तर कोपर बाहेर फेकून चालत नाही, लगेच ठेचतं. मधला हात खाली आहे, तुम्ही वरच्या मारामारीत रमलात की पोटाशी तो आहेच. आणि तो वाकडा पाय! सरळ पुढे घुसायला गेलात की नडगी आपटलीच. म्हणजे वळसा घालूनच जायचं, बाजूने. वाक्याने नाही, नडगीने शिकवतो तो. मी पहिल्या महिन्यात इतकी ठेचले की सिफू दारूत मुरवलेल्या जडीबुटींचा काळा अर्क हाताला चोळून द्यायचे. ऑफिसात एका सहकारी बाईने ते डाग बघून मला पॅन्ट्रीत बाजूला घेतलं आणि "घरी सगळं ठीक आहे ना?" म्हणून हळूच विचारलं.

जोडीदार माणूस असला की तो सांभाळून घेतो. तुम्ही चुकलात तरी आपला हात जरा सैल सोडतो, तुम्ही बाई असाल तर दुप्पट सोडतो. (क्लासमधले सगळे दादालोक माझ्याशी इतक्या अदबीने हरायचे की शेवटी मलाच लाज वाटायची.) लाकडाला ही अदब नाही. कोन चुकला की चुकला. तीन वर्षांपूर्वी चुकला तिथे आज चुकलात तरी तेवढंच लागतं, आणि बरोबर आला तर शाबासकीही नाही, नुसतं तक. ज्या घरात तोंडावर खरं बोलणारं एकही माणूस नसतं त्या घराचं काय होतं हे माझ्या मित्रमंडळींना वेगळं सांगायला नको.

हो, मान्य. नुसतं लाकूड ठोकून कोणी लढायला शिकत नाही. २०१८ मध्ये त्या शू श्याओतुंग नावाच्या एमएमए फायटरने चीनमध्ये विंग चुनवाल्याला रिंगणात धडाधड पाडला, तोही व्हिडिओ मला भाच्यानेच पाठवला होता. बघितला. गप्प बसले. पुढे.

पूर्वी हे खोड जमिनीत पुरलेलं असायचं. विंग चुनचे मोठे गुरू इप मॅन १८९३ चे, चीनमधल्या फोशानच्या खात्यापित्या घरातले. १९५० च्या सुमारास सगळं सोडून हाँगकाँगला आले आणि तिथे हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या जागेत शिकवायला लागले. त्या दाटीत पुरायला जमीन कुठली? वरच्या मजल्यावर राहायचं आणि शिकवायचं. म्हणून पट्ट्यांवर लटकलेला जोंग तिथे रूढ झाला. आणि गंमत बघा, त्या अडचणीतूनच तो जिवंत झाला. पुरलेला खांब गप उभा राहतो. हा पट्ट्यांवरचा दाबला की लवतो आणि परत येतो, तुम्ही ढिले पडलात की तुमच्या हातावर येतो. म्हणजे उलट मारतोच की थोडंसं! हे भाच्याला सांगायचं राहिलं.

त्या इप मॅनची एक जुनी फिल्म आहे, मूक, कृष्णधवल. १९७२ ची, त्यांच्या शेवटच्या आजारातली. अंगावर मांस उरलेलं नाही आणि हा माणूस आपल्या म्हसोबापुढे उभा राहून एकेक हालचाल करून दाखवतोय, मुलं चित्रित करताहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले. त्यांच्या परंपरेत या संचात ११६ हालचाली आहेत, काही घराणी १०८ मोजतात. (१०८ ऐकल्यावर सासूबाईंनी समाधानाने मान हलवली होती.) मी ती फिल्म कितीदा पाहिली असेन. त्यात जोर कुठेच नाही. जोर उरलाच नव्हता. तरी हात जिथे जायला हवा तिथेच जातो. ब्रूस लीचे गुरू म्हणून तुम्ही त्यांना ओळखत असाल, मला ते त्या फिल्ममुळेच आठवतात.

आणि आमचा हिरो! उजवीकडून पळत येऊन मधल्या हातावर फिरवून लाथ. पाचशे लाइक. त्या हाताचं सगळं बळ लांबीत असतं रे बाबा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा झटका बसला की गोल भाग जिथे चौकोनी होऊन खोडात शिरतो तिथेच तो तुटणार. तुटला. खांद्यापाशी. मला तो आवाज आतल्या खोलीत ऐकू आला आणि पोटात खड्डा पडला. हे लाकूड मी सिफूंच्या ओळखीच्या सुताराकडून करून घेतलंय, घरसामानाच्या कंटेनरमधून आणलंय, कस्टमवाल्याला "हे फर्निचर आहे का?" या प्रश्नाचं उत्तर दिलंय. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हा तेरा दिवस मी त्याला हात लावला नव्हता आणि चौदाव्या दिवशी पहाटे पहिल्यांदा लावला तेव्हा...

जाऊ दे.

सगळ्यांना फक्त मोडताना बघायचंय. विटा मोडा, फरश्या मोडा, लाकडी हात मोडा. पाच वर्षं रोज तेच तेच करून कोपर दोन बोटं आत आलं, याचं रील निघत नाही. कशाचं काढणार? काही दिसतच नाही त्यात. घामसुद्धा फार येत नाही.

हे लिहिता लिहिता एक आठवलं. मी बडवाबडवीचा तो किस्सा सगळ्यांना हसत सांगते, पण अर्धाच सांगते. त्या दिवशी ऑफिसात माझं सहा महिन्यांचं काम माझ्यासमोर दुसऱ्याच्या नावाने सादर झालं होतं आणि मी टाळ्या वाजवून आले होते. संध्याकाळी क्लासला आले ती तशीच, जिन्यात रडून. म्हणजे मी लाकडाला बडवतच नव्हते. सिफूंना हे माहीत असायचं कारण नाही, पण मी तळवा खोडावर ठेवून उभी होते तेव्हा त्यांनी संच एकदाच करून थांबायला हवं होतं. त्यांनी तीनदा केला. माझा श्वास जागेवर येईपर्यंत करत राहिले असावेत. तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि नऊनंतर जोंग वाजवायचा नाही असा खालच्या बाईशी त्यांचा करार होता. त्या रात्री तिनेही परत दांडा मारला नाही.

आत्ता फोन वाजला. भाच्याचा मेसेज. "मावशी सॉरी. फेविक्विकने चिकटेल का? मी आणतो." खाली फोटो, दोन्ही तुकडे जुळवून धरलेत. म्हणजे जाताना पोरगं तुकडा बॅगेत घालून घेऊन गेलंय, मी इथे सोफ्याखाली शोधतेय!

आणि त्याचा परवा निकाल लागलाय. ताईने सकाळीच फोनवर सांगितलं होतं, दोन विषय राहिलेत, घरात त्याचे बाबा त्याच्याशी बोलत नाहीयेत. माझ्या लक्षातून गेलं. मला वाटलं जेवायला आला. सिफूंनी माझा हात धरून खोडाला लावला होता. मी काय केलं? मी सोसायटीला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडले, "निघ इथून." तो बूट हातात घेऊन जिना उतरला.

फेविक्विकने चिकटत नाही. तसं कळवलंय. "उद्या ये, दोन्ही तुकडे घेऊन ये, आपल्याला सुताराकडे जायचंय" हेही कळवलंय. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही अजून.

तर आता ठाणेकरांनो, कामाचं बोला. कातकाम करणारा जुना सुतार कोणाला माहीत आहे का? नौपाडा, कळवा, कल्याणपर्यंत कुठेही जाईन. एक फुटाच्या वर लांबीचा निमुळता गोल हात करायचा आहे, खोडात जाणारं टोक चौकोनी. लाकूड सागवान चालेल, शिसव मिळालं तर उत्तम, पण सरळ रेषांचं आणि बिनगाठीचं हवं. नमुन्याला उरलेले दोन हात घेऊन येईन. आणि माणूस ऐकून घेणारा पाहिजे, कारण प्रत्येक सुतार एकच म्हणणार, "मॅडम, भोकात लूज बसतंय, पाचर मारून देतो." मारू द्यायची नाहीये. तो हात हललाच पाहिजे. नंबर इनबॉक्समध्ये टाका, भाचा बरोबर असेल, उचलायला.