२५२० हा चमत्कार नाही, लसावि आहे

२५२० या संख्येचा तो जुनाच मेसेज परवा आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा आला आणि सहावीतल्या भाचीने तो प्रकल्पवहीत जसाच्या तसा उतरवला. आता गप्प बसणं शक्य नाही. मेसेज म्हणतो: १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी संख्या असूच शकत नाही असं जगभरचे गणिती मानत होते, रामानुजन यांनी २५२० शोधून सगळ्यांना थक्क केलं, अशी संख्या ही एकमेव, आणि तिचं रहस्य म्हणजे आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने.

खरं तेवढं मान्य करतो. २५२० ला १ ते १० सगळ्यांनी निःशेष भाग जातो, आणि असा भाग जाणारी ती सर्वांत लहान धन संख्या आहे, म्हणजेच १ ते १० यांचा लसावि (लघुतम साधारण विभाज्य). तो गुणाकारही बरोबर आहे.

एकमेव? दुप्पट करा, ५०४०. तिप्पट करा, ७५६०. अशा संख्या संपतच नाहीत. आणि अशक्य कोण मानेल? १ ते १० यांचा गुणाकार केला तरी काम भागतं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्लेटोने आपल्या कल्पनेतल्या नगराला ५०४० कुटुंबं ठरवली, ती या आकड्याला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो म्हणूनच.

सगळ्यात घातक आहे ते पंचांगाचं रहस्य, कारण मुलांना तेच पटतं. ३० × १२ म्हणजे ३६०. वर्ष ३६० दिवसांचं नसतं, सगळे महिने ३० दिवसांचे नसतात. ३६० ला ७ सोडून १ ते १० सगळ्यांनी भाग जातो; उरलेल्या ७ ने गुणलं की झालं. तिथे आठवड्याचा काय संबंध? खरं कारण सहावीच्या मुलीला सहज कळतं. ८ साठी २ तीनदा हवा, ९ साठी ३ दोनदा, शिवाय ५ आणि ७. बाकीचे सगळे यातच आले. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. १२ पर्यंत जायचं असेल तर फक्त ११ ने गुणा, २७,७२० येतात. कॅलेंडरमधून हा ११ कुठून आणणार? भाचीला लसावि काढता येतो. मेसेजने तिला तो काढायचाच नाही असं शिकवलं.

आणि रामानुजन! त्यांच्या नावावर शाळेतला लसावि खपवणं हा त्यांचा गौरव नव्हे. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा मोठा निबंध आला, तो आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर. २५२० त्यात आहे, पण अनेकांतली एक म्हणून: तिचे विभाजक ४८, तिच्याआधीच्या १६८० चे ४०, नंतरच्या ५०४० चे ६०. रामानुजन यांनी अशा सगळ्या संख्यांची घडण उलगडली. मूळ अवयव पाडले की २ पासून पुढे घातांक कधीच वाढत नाहीत, आणि शेवटच्या अवयवाचा घातांक १ च असतो, अपवाद फक्त ४ आणि ३६ यांचा. २५२० मध्ये २, ३, ५, ७ यांचे घातांक ३, २, १, १ आहेत. याच कामावर केंब्रिजने त्यांना १९१६ मध्ये पदवी दिली. भाचीच्या वहीत हे लिहा.