मायनस साडेचार आणि एक इटालियन गॉगल

ज्यांना चष्म्याचा नंबर नाही अशा भाग्यवान लोकांसाठी आधी एक गोष्ट क्लिअर करतो. गॉगल ट्राय करायचा तर डोळ्यावरचा चष्मा काढावा लागतो. आणि माझा नंबर आहे मायनस साडेचार, त्यामुळे चष्मा काढला की आरशात मी नसतोच, एक गव्हाळ रंगाचा डाग असतो, त्यावर गॉगल चढवला की त्या डागावर अजून एक काळा डाग येतो, आणि बरोब्बर त्याच क्षणी दुकानदार विचारतो, कसा वाटतोय? आता काय सांगणार, डागाला डाग शोभतोय म्हणायचं आणि गप्प बसायचं.

पुण्यात असताना मी हा प्रश्न फोटोक्रोमॅटिक काचांवर ढकलला होता. त्या उन्हात गेलं की काळ्या होतात आणि सावलीत आलं की लगेच पांढऱ्या होतात, यातला "लगेच" हा शब्द सेल्समनचा. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये लॉनवरचे जेवढे फोटो आहेत त्या सगळ्यांत नवरदेव अर्धवट काळ्या काचा लावून उभा आहे, धड चष्मा नाही धड गॉगल नाही, आणि आतल्या हॉलमधल्या फोटोत पण तसाच कारण काचा अजून विचार करतायत. बायकोचा त्या काचांवर राग आहे तो तेव्हापासूनचा.

रांजणगावला फियाटचा कारखाना आहे हे पुणेकरांना सांगायला नको. त्या लाइनमधली माझ्यासारखी माणसं अधूनमधून तोरिनोला, म्हणजे इटलीतल्या ट्युरिनला, फियाटच्या मूळ गावी येऊन पडतात, तसा मी पण येऊन पडलो. इथे आल्यावर बायको म्हणाली, "अरे इटलीत राहतोस, अख्खं जग इथून गॉगल नेतं आणि तू ते काळं पडणारं भिंग लावून हिंडतोस, एक चांगला क्लासिक घे ना, आयुष्यभर टिकेल." क्लासिक म्हटलं की खर्चाला नैतिक अधिष्ठान मिळतं हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी काही बोललो नाही.

तोरिनोत क्लासिक गॉगल म्हटलं की विषय पेर्सोलवर येतोच, कारण ती इथलीच कंपनी, 1917 साली ज्युसेप्पे रात्ती नावाच्या माणसाने इथेच सुरू केलेली. त्यांचं ते फेमस 649 मॉडेल 1957 मधलं, आणि ते बनवलं कोणासाठी, तर इथल्या ट्राम चालवणाऱ्या ड्रायव्हर लोकांसाठी, वारा आणि धूळ डोळ्यात जाऊ नये म्हणून. मग 1961 च्या एका सिनेमात मार्चेल्लो मास्त्रोयान्नी या इटालियन हिरोने घातला, पुढे त्याचाच घडी होणारा भाऊ 714 हॉलिवूडच्या स्टीव्ह मॅक्वीनने 1968 मध्ये पडद्यावर मिरवला, आणि ड्रायव्हरांचा गॉगल हिरो लोकांचा झाला. किंमत पण हिरोची झाली. साधारण अडीचशे-तीनशे युरो, म्हणजे रुपयांत गुणाकार करू नये असं ठरवून सुद्धा गुणाकार होतोच आणि आकडा पंचवीस-तीस हजारात जातो. मी रोज 4 नंबरच्या ट्रामने मिराफिओरीकडे, फियाटच्या कारखान्याच्या भागात जातो आणि हे सगळं कळल्यापासून ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघायची सवय लागलीय. आजपर्यंत एकाच्याही नाकावर 649 दिसला नाही. बहुतेकांकडे ते सायकलवाले घालतात तसले प्लास्टिकचे रंगीत गॉगल, एकाने तर कपाळावर चढवून ठेवला होता आणि ऊन हाताने अडवत होता.

तर दुकान. तोरिनोत मैलोन्‌मैल कमानींखालून चालत जाता येतं, ऊन अंगावर येतच नाही, त्यामुळे या शहरात गॉगल लागतो कशाला हा माझा बेसिक प्रश्न होता पण तो घरी कोणी घेतला नाही. अशाच एका कमानीखाली एक जुनं चष्म्याचं दुकान, आत साठीच्या एक बाई, केस पांढरेशुभ्र, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, आणि आवाजात असा अधिकार की मी आत शिरताशिरताच पाठ ताठ केली. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, म्हणजे मला नाही, माझ्या चेहऱ्याकडे, कवटीचा शेप वगैरे, आणि ड्रॉवर उघडायला सुरुवात केली. पहिला घातला, "बेल्लो!" दुसरा घातला, "बेल्लिस्सिमो!" तिसरा घातला तेव्हा हात छातीवर ठेवून "पेर्फेत्तो!" आता मला यातलं काहीच दिसत नव्हतं. तीन डाग, तिन्ही सुंदर. बायको शेजारी उभी होती, तिचं इटालियन माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि दोघींचं माझ्या डोक्यावरून जे काही बोलणं चाललं होतं त्यात मला फक्त "नाक" कळलं कारण बाईंनी बोटाने दाखवलं.

नाकाचा मुद्दा खरा होता. या फ्रेमा इथल्या नाकांसाठी घडवलेल्या, माझं नाक बुडाशी बसकं आणि पुढे ऐसपैस, त्यामुळे फ्रेम नाकावर न बसता गालांवर येऊन टेकते आणि मी हसलो की गॉगल वर जातो. बोललो की हलतो. म्हणजे क्लासिक दिसायचं असेल तर हसायचं नाही आणि बोलायचं नाही. बायको म्हणाली चालेल.

आता आरशात दिसत नाही म्हटल्यावर उपाय काय, तर फोटो काढायचा, गॉगल काढायचा, चष्मा लावायचा, फोटो बघायचा. लॉजिक बरोबर आहे. पण फोटो काढताना माणूस जसा असतो तसा नसतो ना, शिवाय मला फोन नेमका कुठे धरलाय ते पण दिसत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक फोटोत मी कुठेतरी डावीकडे, एका काल्पनिक कॅमेऱ्याकडे, ओठ दाबून बघतोय. फोटोत गॉगल बरा होता, माणूस संशयित होता. आणि मजा म्हणजे स्क्रीनवर सगळे गॉगल सारखेच दिसतात! बायको म्हणाली हा हवाना, हा काळा, हा तपकिरी, या काड्यांवरचा पेर्सोलचा बाण वेगळा आहे. मला सगळीकडे तोच संशयित.

मग मी इंजिनियर असल्याचं दाखवायचं ठरवलं. काडीच्या आतल्या बाजूला आकडे असतात, समजा 54, मग 20, मग 140, ते मिलिमीटर असतात, एका काचेची रुंदी, दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, आणि काडीची लांबी. बहुतेक लोक आयुष्यभर चष्मा वापरतात आणि हे आकडे वाचत नाहीत, सांगून ठेवतो, वाचा. मी ऑफिसातून व्हर्नियर कॅलिपर घरी आणला आणि बाथरूमच्या आरशासमोर (चष्मा लावून अर्थात) स्वतःचं नाक मोजायला लागलो. तेवढ्यात बायको आत आली, बघितलं, काही न बोलता दार लावून बाहेर गेली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी ती काही न बोलता गेली म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

माझा मेहुणा त्या दिवसांत युरोप टूरवर आला होता. त्याचं म्हणणं, एवढे पैसे कशाला, बीचवर चादर अंथरून बसतात त्यांच्याकडे सेम टु सेम मिळतो, दहा युरोत. त्याला सांगितलं की बाबा इथे नकली माल विकणाऱ्यालाच नाही, घेणाऱ्याला पण दंड होतो, 7000 युरोपर्यंत. तेव्हा तो म्हणाला मग ओरिजिनल रेबॅन घे, आपल्याकडे सगळे तोच घेतात. रेबॅन मूळचा अमेरिकन, 1937 चा, पण 1999 साली तो लुक्सोत्तिका या इटालियन चष्मा कंपनीने विकत घेतला, आणि लुक्सोत्तिका म्हणजे लेओनार्दो देल वेक्किओ, मिलानच्या अनाथाश्रमात वाढलेला माणूस, ज्याने 1961 मध्ये डोंगरातल्या आगोर्दो गावात चष्म्याचे सुटे भाग करायला सुरुवात केली. पेर्सोल पण 1995 पासून त्यांच्याच घरात. प्राडा, शनेल, व्हर्साची यांचे चष्मे पण तिथूनच लायसन्सवर निघतात. 2018 मध्ये काचा बनवणाऱ्या फ्रान्सच्या एस्सिलोरशी लग्न झालं म्हणजे काचा पण घरच्याच. त्यामुळे मी आणि मेहुणा तासभर तावातावाने ब्रँडवर भांडलो ते एकाच घरातल्या भावंडांवरून भांडत होतो. असं असलं तरी मेहुण्याला टूरिस्ट म्हणून टॅक्स परत मिळतो आणि मला इथे राहतो म्हणून मिळत नाही, हा अन्याय मी अजून विसरलेलो नाही.

आणि तो कासवाच्या पाठीसारखा दिसणारा हवाना रंग, तो कासवाचा नसतो हो आता, ती असते सेल्युलोज ॲसिटेट, कापूस आणि लाकडाच्या लगद्यापासून केलेली. इथून जवळच वारेझे भागात कास्तिल्योने ओलोना म्हणून गाव आहे तिथे मात्सुकेल्ली नावाची कंपनी 1849 पासून आहे, आधी कंगवे आणि बटणं करायची, आता जगभरच्या चष्म्यांना या शीट पुरवते. माझे एक काका यवतमाळला कापूस पिकवतात. त्यांना फोनवर सांगितलं की काका कापसाचा चष्मा तीस हजाराला आहे. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही, मग म्हणाले, "क्विंटलला का?"

मधे आम्ही व्हेनिसला गेलो तेव्हा वाट वाकडी करून त्रेविझोला पण गेलो, कारण तिथे सान निकोलो चर्चशेजारच्या मठात 1352 सालचं एक भित्तिचित्र आहे, तोम्माझो दा मोदेना याने काढलेलं, चष्मा लावलेल्या माणसाचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं चित्र. ह्यू नावाचे एक कार्डिनल नाकावर चष्मा चिमटीत बसवून लिहीत बसलेत. काड्या नाहीत, तेव्हा काड्यांचा शोधच लागायचा होता. गंमत अशी की हे कार्डिनल वारले 1263 मध्ये आणि चष्मा इटलीत आला त्यानंतर वीसेक वर्षांनी. म्हणजे बिचाऱ्याने आयुष्यात चष्मा बघितला पण नव्हता, चित्रकाराने परस्पर चढवला, विद्वान दिसतील म्हणून. मी त्या चित्रासमोर बराच वेळ थांबलो. स्वतःच्या तोंडावर काय चढवलंय ते माहीत नसलेला दुसरा माणूस भेटला म्हणून बरं वाटलं.

शेवटी फ्रेम ठरली. कोणी ठरवली ते विचारू नका, दुकानातल्या बाई आणि बायको यांनी एकमेकींकडे बघून मान हलवली, मी कार्ड काढलं. माझा एकच आग्रह होता, काड्या दाबायला नकोत, तर त्यात पेर्सोलचं ते जुनं तंत्र आहे, मेफ्लेक्तो, काडीत छोटे सिलेंडर बसवलेले असतात त्यामुळे काडी वाकते आणि कानशिलावर दाब येत नाही. बाईंनी गरम हवेवर फ्रेम थोडी मऊ करून माझ्या कानामागे वळवून दिली आणि तेवढ्या दोन मिनिटात मला खरंच वाटलं की हे पैसे वसूल आहेत.

पण मग काचा! नंबरच्या काचा बसवायच्या तर कंपनीच्या मूळ काचा काढून टाकायच्या. ज्या क्रिस्टल काचांचं कौतुक ऐकून फ्रेम घेतली त्या एका छोट्या पाकिटात घालून माझ्या हातात दिल्या, जपून ठेवा म्हणाल्या. कशासाठी? नंबर जाईल त्या दिवसासाठी? मग रंग कोणता, तपकिरी, हिरवा, का राखाडी. किती गडद, तर शून्य ते चार कॅटेगरी, तीन नंबरमध्ये 8 ते 18 टक्के उजेड आत येतो, चार नंबर डोंगरात बर्फावर वगैरे, तो लावून गाडी चालवायची नाही. आणि मग तो प्रश्न, पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कापणारा, हवा का? बायको हो म्हणाली, बाई हो म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मी नाही म्हणालो, कारण गाडीचे डिस्प्ले हाच माझा धंदा आहे आणि पोलराइज्ड गॉगल घालून एलसीडी स्क्रीन तिरकी बघितली तर काळी होऊ शकते, आम्ही टेस्टिंगला मुद्दाम तसलेच गॉगल घालून बसतो. हे मी माझ्या मोडक्या इटालियनमध्ये हातवारे करत, फोन आडवा-उभा फिरवत समजावलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला विचारलं, "सिन्योरा, मग काय करू?"

पोलराइज्ड नाही केला. एवढं एक माझं.

काचा तयार व्हायला वेळ लागणार होता आणि मध्ये ऑगस्ट आला. इथे ऑगस्टात, 15 तारखेच्या फेर्रागोस्तोच्या सुट्टीच्या आगेमागे, गणपतीत मुंबई कोकणात रिकामी होते तशी शहरं समुद्राकडे रिकामी होतात. दुकानाच्या शटरवर सुट्टीची पाटी. अख्खा कडक उन्हाळा मी फोटोक्रोमॅटिकवर काढला आणि गॉगल हातात आला तेव्हा आकाश राखाडी व्हायला लागलं होतं. तरी लावला. लावून आरशात बघितलं, आणि काय सांगू, पहिल्यांदा स्पष्ट दिसला मला तो माणूस. वाईट नव्हता. थोडा मास्त्रोयान्नी, बराचसा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

त्याच उत्साहात घरी व्हिडिओ कॉल लावला. आई, आत्या आणि मागे टीव्ही. मी काही न बोलता, न हसता (गाल!) कॅमेऱ्याकडे बघितलं.

आई ताडकन पुढे सरकली. "अरे! डोळे आले का रे? तिकडे साथ आहे का?"

"नाही गं आई, गॉगल आहे. नवीन. फेमस आहे हा."

"घरात कशाला मग? दाखव बघू डोळे, लाल झालेत का?"

बायकोने मध्ये तोंड घातलं, "आई, तीस हजारांचा आहे."

"तीस हजार?" आईचा चेहरा बदलला. "म्हणजे ऑपरेशन झालंय आणि तुम्ही दोघं आम्हाला सांगत नाही आहात."

आत्या इतका वेळ शांत होती, ती चष्मा वर करून स्क्रीनच्या एकदम जवळ आली. "अगं मोतीबिंदू असेल, हल्ली चाळिशीतच होतो. काही नाही होत रे, यांचं झालं ना मागच्या वर्षी, असाच काळा दिला होता. लेन्स कुठली टाकली, इंडियन का इम्पोर्टेड?"

"इटालियन, आत्या."

"बघ!" ती आईला म्हणाली. "मी यांना तेव्हाच म्हटलं होतं."