मरतूक कमी म्हणजे रोग सौम्य? कोंबड्यांच्या ब्राँकायटीसवरच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. मानमोडी (राणीखेत) आली की शेड रिकामी होते, ब्राँकायटीसमध्ये शंभरात 2-3 पक्षी जातात, तरी मी त्यावर एवढं लिहून लोकांना घाबरवलं. तुम्ही एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलंत आणि 5 दिवसांत घरघर थांबली, म्हणजे 'विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही' हे माझं वाक्य पुस्तकी. आणि लस देऊनही रोग आलाच, मग लस कशाला?

आधी माझी चूक. 'अँटिबायोटिक देऊच नका' असं मी सरसकट लिहिलं होतं, ते बदललं आहे. श्वासनलिकेला आतून बारीक लव असते. ती धूळ आणि जंतू सतत वर ढकलत असते. ब्राँकायटीसचा विषाणू नेमकी हीच लव मोडतो. मग ई. कोलाय हा जिवाणू सरळ कोंबडीच्या फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत उतरतो, आणि कोंबडी उघडली की हृदयावर, यकृतावर पिवळट पापुद्रा दिसतो. अशा वेळी अँटिबायोटिक लागतं, पण कुठलं ते नमुना तपासून ठरवायचं.

तुमच्या 5 दिवसांबद्दल मात्र माझं मत तेच आहे. ई. कोलाय मागून आला नाही तर एका पक्ष्यातली घरघर आठवडाभरात औषधाविनाही कमी होते. एका शेडला औषध आणि शेजारच्या शेडला नुसती ऊब आणि मोकळी हवा, असं करून पाहिलं असतं तर फरक कळला असता. एन्रोफ्लॉक्सासिन जपून वापरा म्हणतो त्याला कारण आहे. कोंबड्यांमधल्या वापराने कॅम्पायलोबॅक्टर जंतू या गटातल्या औषधांना दाद देईनासे होतात आणि ते माणसापर्यंत पोचतात, म्हणून अमेरिकेने 2005 साली कोंबड्यांसाठी त्याची परवानगी काढून घेतली. अंड्यावरच्या कोंबड्यांना दिलं तर त्याचा अंश अंड्यातही उतरतो.

आता मरतुकीबद्दल. माझा खरा मतभेद इथेच आहे. 1931 साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात हा रोग प्रथम नोंदला गेला तो पिल्लांच्या श्वासाचा आजार म्हणून. तो अंडनलिकेवर आणि मूत्रपिंडावरही जातो, हे पुढच्या दशकांत उलगडत गेलं. आपण अजून खोकल्यावरच त्याचं माप काढतो. पहिल्या दोन आठवड्यांत, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अपुरी असताना, पिल्लाला हा विषाणू गाठला तर वाढ होण्याआधीच अंडनलिका कायमची बिघडू शकते. पिल्लू बरं होतं. तलंग (अंड्यावर यायची तरुण कोंबडी) छान वाढते, तुरा लाल होतो, खाद्य पुरेपूर खाते, घरट्यातही जाऊन बसते. अंडं मात्र देत नाही. अशा कोंबड्या मी उघडल्या आहेत. अंडाशय कामात असतो, बलक तयार होतात, पण खाली त्यांना वाट नसते. काहींच्या अंडनलिकेत नुसतं पाणी भरलेलं असतं, इतकं की कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहते. तिला कुठलंही औषध नाही. मरतुकीच्या वहीत ती कधीच येत नाही आणि तिचा खर्च रोज चालू राहतो.

अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना रोग झाला तर अंडी घटतात, कवच सुरकुततं, रंग फिका पडतो. पुष्कळदा उत्पादन पूर्वीच्या पातळीवर परत येतच नाही. आणि मूत्रपिंडावर जाणाऱ्या प्रकारांत पिल्लांची मरतूक 2-3 टक्क्यांवर थांबत नाही.

लशीबद्दलचा तुमचा राग मला समजतो. मला वाटतं, आपण मानमोडीच्या लशीचा अनुभव ब्राँकायटीसला लावतो. मानमोडीचा विषाणू कमी-जास्त जहाल असला, तरी लशीच्या दृष्टीने तो एकाच जातीचा; म्हणून त्यावरची लासोटा ही लस इतकी वर्षं कामाला येते. ब्राँकायटीस हा कोरोना कुळातला. त्याच्या काट्यांवरचं प्रथिन बदलत राहतं आणि नवे प्रकार निघतात: मॅसॅच्युसेट्स, 793बी, क्यूएक्स आणि आणखी बरेच. एच-120 ही लस मॅसॅच्युसेट्स प्रकारची आहे. शेडमध्ये दुसराच प्रकार फिरत असेल तर तिचं संरक्षण अर्धवट राहतं. मॅसॅच्युसेट्स आणि 793बी अशा दोन लशी मिळून दिल्या की संरक्षणाचा आवाका वाढतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. कुठली जोडी हवी हे तुमच्या भागात सापडणाऱ्या प्रकारावर ठरतं.

शिवाय लस पोटात कशी गेली तेही पाहायला हवं. जिवंत लस क्लोरीनच्या पाण्यात मरते. त्या दिवशी क्लोरीन बंद हवं, लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर हवी, पक्षी तहानलेले हवेत आणि पाणी दोन तासांत संपायला हवं. लासोटा आणि ब्राँकायटीसची लस वेगवेगळ्या पण दोन-चार दिवसांच्या अंतराने दिल्या तर एक दुसरीला आडवी येते. एकत्र बनवलेली लस द्या, नाहीतर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. अमोनियाने डोळे चुरचुरत असतील त्या शेडमध्ये श्वासनलिकेची लव आधीच जखमी असते.

आणि घरघर ब्राँकायटीसचीच होती हे कशावरून? एच9एन2 फ्लू, सौम्य मानमोडी, मायकोप्लाझ्मा हा जिवाणू, सगळ्यांचा आवाज शेडच्या दारातून सारखाच येतो. पुढच्या वेळी घरघर सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात श्वासनलिकेचे स्वॅब पीसीआरला पाठवा. रक्ताचे नमुने त्याच वेळी एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घ्या.

तुमचे पक्षी लेअर (अंड्यांसाठीचे) आहेत की ब्रॉयलर (मांसासाठीचे), हे प्रतिक्रियेत नाही. लेअर असतील तर आजच दहा-बारा अंडी ताटलीत फोडून पाहा. पांढरा भाग पाण्यासारखा पसरतो का ते कळवा. पिल्लांना घरघर कितव्या दिवशी लागली तेही लिहा. ती पहिल्या पंधरवड्यातली असेल, तर घरट्यात बसून अंडं न देणाऱ्या तलंगांपैकी एक-दोन पशुवैद्यकाकडून उघडून घ्या.