‘भांगेची शेती मोकळी झाली’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

पाऊस लांबला, कांदा पडला किंवा सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं की एक मेसेज शेतकऱ्यांच्या ग्रुपवर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: केंद्र सरकारने भांगेच्या, म्हणजे ‘हेंप’च्या, शेतीला परवानगी दिली आहे. हेंप म्हणजे गांजा नव्हे, त्यामुळे कायद्याची भीती नाही. पाणी नको, फवारणी नको, चार महिन्यांत काढणी. उघड्या रानात एकरी लाखो रुपये आणि पॉलीहाऊस असेल तर वर्षाला तीन पिकं. युनोनेही हे झाड निर्दोष ठरवलंय. बियाणं आम्ही देतो, माल आम्हीच उचलतो. खाली एक मोबाईल नंबर.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या तरी खऱ्या गोष्टीचा तुकडा तोडून बनवलेलं आहे. म्हणून ते ‘खोटं आहे’ एवढं म्हणून भागत नाही. कुठून तोडलंय ते दाखवावं लागतं.

परवानगीपासून सुरुवात करू. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५ चा. त्याच्या कलम १४ मध्ये लिहिलंय की सरकार आदेश काढून, फक्त धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कामासाठी किंवा बागकामासाठी, या झाडाच्या लागवडीला मुभा देऊ शकतं. कलम १० प्रमाणे राज्य सरकारांना लागवडीला परवानगी देण्याचा आणि तिच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आहे. ‘देऊ शकतं’ आणि ‘दिली’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा सगळा मेसेज त्या फरकावर बोळा फिरवून उभा आहे. उत्तराखंडने २०१८ साली औद्योगिक हेंपसाठी परवाना दिला. असं करणारं ते पहिलं राज्य. हिमाचल प्रदेशात मंत्री-आमदारांच्या समितीने अहवाल दिला, विधानसभेने तो २०२४ मध्ये स्वीकारला आणि त्यानंतर कृषी विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यास करायचं ठरलं. बघा, जिथे हे झाड रस्त्याच्या कडेला गवतासारखं उगवतं त्या राज्यातही गोष्ट अभ्यासापासून सुरू होते. महाराष्ट्राने असं धोरण काढलेलं नाही. तेव्हा उत्तराखंडातल्या पौडी गढवालच्या परवान्याचा फोटो दाखवून शिरपूर किंवा सांगोल्यात बी विकणारा माणूस आपल्याला दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कर्ज काढायला सांगतोय.

आता ‘हेंप म्हणजे गांजा नव्हे’. शेतीशास्त्राच्या दृष्टीने यात तथ्य आहे. धाग्यासाठी आणि बियांसाठी निवडलेल्या वाणांत नशा आणणारं टीएचसी अगदी कमी असतं आणि ०.३ टक्के ही मर्यादा अमेरिकेपासून उत्तराखंडपर्यंत वापरली जाते. पण ती मर्यादा परवान्याच्या अटींत आहे. एनडीपीएस कायद्याच्या व्याख्येत टक्का नाहीच. तिथे ‘कॅनॅबिस वनस्पती’ म्हणजे या प्रजातीचं कुठलंही झाड, एवढंच लिहिलंय. आपल्या झाडात ०.२ टक्के निघालं म्हणून विनापरवाना लागवड माफ होत नाही.

इथेच बरेच जण आणखी एक चूक करतात: ‘थोडी लावली तर काय होतंय, एक किलोपर्यंत किरकोळ असतं.’ किरकोळ मात्रा, व्यापारी मात्रा हे वजनाचे टप्पे गांजा बाळगणं, विकणं, वाहून नेणं यासाठी आहेत: एक किलोपर्यंत किरकोळ, वीस किलोच्या वर व्यापारी. लागवडीचं कलम वेगळं, २० (अ). तिथे वजनाची पायरीच नाही. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, मग रोपं कपाशीच्या दोन ओळींत असोत की एकरभर. मुळासकट उपटलेली ओली झाडं पोलिसांनी वजन केली, पानं-खोडं वेगळी केली नाहीत, म्हणून आरोपींना जामीन मिळाल्याच्या बातम्या आपण वाचतो. तो वाद गांजाच्या वजनाचा आहे. लागवडीचा आरोप त्याने पुसला जात नाही.

जमीन खंडाने किंवा बटईने दिली असेल तर आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत बेकायदा लागवड आहे हे कळल्यावर ती ताबडतोब कळवणं ही जमीनधारकाची जबाबदारी आहे, आणि जाणूनबुजून गप्प बसणं हा गुन्हा. कलम ४७ मध्ये पंच, सरपंच आणि गावकामगारांवरही तीच जबाबदारी टाकली आहे. ‘रान माझं, पण पीक त्याचं’ हा बचाव कागदावर तोकडा पडतो. ज्या भाऊबंदांनी शहरात राहून शेत वाट्याने दिलंय, त्यांनी दिवाळीला आल्यावर तुरीच्या आत चार पावलं जाऊन पाहावं.

युनोचं वाक्य लवकर उरकू. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने मतदान घेऊन कॅनॅबिसला १९६१ च्या अमली पदार्थ कराराच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक, यादीतून काढलं. २७ विरुद्ध २५ मतं, एक तटस्थ, आणि भारताने बाजूने मत दिलं. हे सगळं खरं. पण ते पहिल्या यादीत कायम आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालीच. औषधी उपयोगाला मान्यता मिळाली, लागवड मोकळी झाली नाही. तसंच एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२१ मध्ये हेंपचं बी, तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं, त्यात टीएचसी किती चालेल याच्या मर्यादा घालून. उत्तराखंडातल्या कुमाऊंत भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान् पिढ्या खातात, त्यामुळे यात नवल नाही. दुकानात बी विकायला परवानगी आहे म्हणून ते बी पेरायला परवानगी आहे असं मात्र होत नाही.

‘१९८५ पर्यंत सगळं मोकळंच होतं, अमेरिकेच्या दबावाने बंद झालं’ हाही एक लाडका मुद्दा. दबावाचा भाग इतिहासात आहे, नाकारत नाही. मोकळं मात्र कधीच नव्हतं. १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशनचा, म्हणजे इंग्रज सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा, अहवाल चाळला तर दिसतं की बंगालात गांजाची लागवड राजशाहीच्या नौगाव भागापुरती, मध्य प्रांतात खांडव्यापुरती आखून दिलेली होती आणि माल सरकारी गोदामात जायचा. मुंबई इलाख्यात आपला नगर जिल्हा यासाठी प्रसिद्ध होता, आणि तिथलाही किरकोळ व्यापार परवान्यावर आणि करावर चालायचा. इंग्रजांना या पिकातून महसूल हवा होता. शेतकऱ्याला हवं ते हवं तिथे लावू देण्याइतके ते उदार नव्हते.

बरं, उद्या महाराष्ट्राने धोरण काढलंच असं समजू. मग तरी मेसेजमधली शेती खरी ठरते का? मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण कायद्याबद्दल सावध असलेली माणसंही पिकाबद्दलच्या थापा सहज गिळतात.

हे झाड दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस लहान होऊ लागले, रात्र मोठी झाली की ते वाढ थांबवून फुलावर येतं. सोयाबीन उशिरा पेरलं की खुरटं राहून फुलतं, शेवंतीवाले रात्री दिवे लावून फुलणं लांबवतात, ते याच कारणाने. युरोपातले धाग्याचे वाण उत्तरेकडच्या उन्हाळ्यासाठी बांधलेले आहेत. पॅरिसच्या आसपास जूनमधला दिवस सोळा तासांचा असतो. नाशिकला वर्षातला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा. ते बी इथे मृगात पेरलं तर झाड उंची धरायच्या आतच फुलणार. धाग्याच्या पिकात उंची हेच उत्पन्न. म्हणजे ‘इम्पोर्टेड सर्टिफाइड बियाणं’ हा मेसेजमधला सर्वांत भारदस्त शब्दप्रयोग आपल्या अक्षांशावर सर्वांत कमी कामाचा आहे. (शिवाय परदेशी बियाणं प्लांट क्वारंटाईनच्या, म्हणजे रोग-कीड तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, परवानगीशिवाय आणता येत नाही, हे सांगायला एजंट विसरतो.) आणि इथलं रानटी बी लावलं तर टीएचसी ०.३ च्या आत राहील याची हमी कोण देणार? जिथे हेंप कायदेशीर आहे तिथेही काढणीआधी नमुना तपासतात आणि मर्यादा ओलांडलेलं पीक बाजारात न नेता नष्ट करावं लागतं. चार महिने घातलेली मजुरी आणि पाणी प्रयोगशाळेच्या एका कागदावर मातीत जातं.

‘कीड लागत नाही’ हे कुठून आलं देव जाणे. अमेरिकेत उघड्यावरच्या हेंपची मोठी डोकेदुखी आहे ती आपल्या हरभऱ्यावरच्या घाटे अळीची सख्खी चुलत बहीण, मक्याच्या कणसात शिरणारी अळी. फुलांच्या दाट तुऱ्यात ती शिरते, आतून पोखरते आणि तिच्या विष्ठेवर बुरशी धरते. तुरा जितका भरगच्च तितका तो आतून लवकर सडतो, आणि आपल्याकडे परतीचा पाऊस नेमका पीक फुलात असताना येतो. फवारायचं काय? द्राक्षवाल्यांना ‘लेबल क्लेम’ म्हणजे काय ते शिकवायला नको: कुठलं औषध कुठल्या पिकावर मारायचं याची नोंदणी. ज्या पिकाची लागवडच मान्य नाही त्याच्यावर औषधांची नोंदणी कोण करणार? वर हे झाड जमिनीतले जड धातू चांगलेच शोषून घेतं, म्हणून त्याचा वापर प्रदूषित माती सुधारण्याच्या प्रयोगांत झालाय. खाण्यासाठी किंवा औषधासाठी माल घेणारा प्रामाणिक खरेदीदार हे सगळं तपासतो.

आणि आता पॉलीहाऊस. मेसेजमधला हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तिथे लिहिणाऱ्याचं पितळ उघडं पडतं. धाग्याचं हेंप कोणी पॉलीहाऊसमध्ये लावत नाही. ते उघड्या रानात दाट पेरायचं, उंच वाढवायचं, कापून कुजवायचं आणि सोलायचं पीक आहे. टनाच्या हिशेबाने विकलं जाणारं. बियांचंही तेच. काचेखाली किंवा प्लास्टिकखाली, काळे पडदे ओढून दिवस लहान करत वर्षाला दोन-तीन पिकं घेतात ती फुलांसाठी. फूल म्हणजे कायद्याच्या भाषेत गांजा. कॅनडासारख्या देशात हे चालतं, कारण तिथे २०१८ पासून तो बाजारच कायदेशीर आहे. आपल्याकडे कलम १४ ची औद्योगिक मुभा धागा आणि बी यांपुरती. म्हणजे ज्याने ‘हेंप, गांजा नव्हे’ म्हणून सुरुवात केली, तोच चार ओळींनंतर गांजाची शेती विकतोय.

‘पॉलीहाऊस बंदिस्त असतं, कुणाला दिसत नाही’ असंही काही जण कानात सांगतात. वकिलाला विचारा. उघड्या रानात बांधावर चार झाडं सापडली तर ती आपोआप उगवली, मी लावली नाहीत, असा बचाव निदान मांडता येतो. लागवड आरोपीनेच केली हे सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम आहे आणि ते न झाल्याने आरोपी सुटलेही आहेत. ठिबकच्या नळीला ओळीने लावलेलं, पडद्याखालचं झाड आपोआप उगवलं असं कोण म्हणेल? पॉलीहाऊस आडोसा देत नाही, पुरावा देतं.

पैशाचा हिशेबही परदेशातूनच उचललाय, तर तो परदेशातच पूर्ण करू. अमेरिकेत २०१८ च्या फार्म बिलाने, म्हणजे तिथल्या शेती कायद्याने, हेंप मोकळं झालं आणि शेतकरी तुटून पडले. अमेरिकी कृषी खात्याच्या आकड्यांप्रमाणे २०२१ मध्ये देशातल्या हेंपच्या उत्पादनाचं मूल्य सुमारे ८२ कोटी डॉलर होतं. २०२२ मध्ये ते सुमारे २४ कोटींवर आलं. त्यातला ग्रीनहाऊसचा वाटा तर ११ कोटींवरून तीन कोटींच्याही खाली घसरला. कॅनडातल्या एका बड्या कंपनीने मार्च २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबियातली दोन अजस्र हरितगृहं बंद केली, सुमारे तीस लाख चौरस फूट, आणि पाचशेच्या आसपास लोकांची नोकरी गेली. थायलंडने २०२२ मध्ये झाड मोकळं केलं, सरकारने रोपं फुकट वाटायची घोषणा केली, आणि २०२५ मध्ये फुलांची विक्री पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणली. हे सगळे कायदेशीर बाजार, भांडवल असलेले आणि विमा उतरवलेले. परवानगी नसलेल्या पिकाला आपल्याकडे पीककर्ज नाही, पीकविमा नाही, ई-पीक पाहणीत नोंदवायची सोय नाही आणि बाजार समितीत लिलाव नाही.

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटलं. मला तो अर्ज या फॉरवर्डपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. त्याने निदान गांजाला गांजा म्हटलं आणि विचारायचं त्यालाच विचारलं.

शेवटचा मुद्दा ‘माल आम्हीच उचलतो’चा. ईमू, सफेद मुसळी, कडकनाथ: दर काही वर्षांनी नाव बदलतं, सांगाडा तोच. आधी बियाण्याचे किंवा पिल्लांचे चढे पैसे, मग पहिल्या काहींना दाखवण्यापुरती खरेदी, मग फोन बंद. कडकनाथवाल्यांना निदान फिर्याद देता आली. इथे तीही वाट अडचणीची. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे बेकायदा उद्देशाचा करार रद्दबातल ठरतो, मग तो पाचशेच्या स्टॅम्पवर असो की नोटरी केलेला. माल उचलला नाही म्हणून दाद मागायला जायचं, तर आधी आपण काय पेरलं होतं ते सांगावं लागेल.

त्यामुळे नंबरवर फोन करायचाच असेल तर एकच गोष्ट मागा: महाराष्ट्र शासनाने दिलेल्या लागवड परवान्याची प्रत, ज्यावर तुमचं नाव, तुमचा गट नंबर आणि मुदत आहे. कंपनीचा जीएसटी नोंदणीचा दाखला, एफएसएसएआयचा नंबर किंवा उत्तराखंडच्या कुणाचा तरी परवाना त्याऐवजी चालत नाही. बियाण्याचे पैसे आधीच भरले असतील तर पावती, मेसेज आणि खात्याचा तपशील जपून ठेवा, ते बी पेरू नका, आणि वकिलाला भेटून मग पोलीस ठाण्यात जा.