पंपाची भीती आणि पुडीचा भरवसा

मृग नक्षत्र जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील व्हॉट्सअॅप गटांवर दम्याविषयीचा एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. कन्नडमध्ये येतो तेव्हा 'दमा'च्या जागी 'उब्बस' असते, एवढाच फरक. त्याचा सारांश असा: दम्याच्या पंपाची (इनहेलरची) सवय लागते आणि फुप्फुसे आळशी होतात; पंपात स्टिरॉइड असते, ते हाडे पोखरते, त्यापेक्षा गोळी किंवा गावठी पुडी बरी; दमा म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडणे, ती वाढवली की तो जातो; आणि भात, दही, केळी बंद करून चाळीस दिवस काढा घेतला की पंप कायमचा सुटतो. शहापुरात माझे औषधांचे दुकान आहे. पंपाची चिठ्ठी हातात असलेली माणसे हा संदेश मला दाखवतात आणि "मग घेऊ की नको?" असे विचारतात, म्हणून हे उत्तर.

सवयीच्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात थोडे तथ्य आहे आणि तेच नेमके चुकीच्या ठिकाणी चिकटवले आहे. दमा म्हणजे श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ राहणारी सूज. धूळ, धूर, थंडी, सर्दी असे काही निमित्त झाले की या सुजलेल्या नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि छातीत शिट्टी वाजू लागते. धाप गेली तरी सूज मागे उरते. पंप दोन प्रकारचे असतात. बहुधा निळ्या रंगाचा, साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू चार-सहा तास सैल करतो, सुजेला मात्र हात लावत नाही. दुसरा, ब्युडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडचा, रोज घ्यायचा पंप सूज उतरवतो, पण त्याचा गुण यायला काही दिवस जातात. लोक घेतात पहिला आणि घाबरतात दुसऱ्याला. निळ्या पंपाच्या एका डब्यात 200 फवारे असतात. दर महिन्याला नवा डबा नेणारा माणूस दिवसाला सहा-सात फवारे मारत असतो, याचा अर्थ त्याची सूज मोकाट आहे. वर्षाला तीन किंवा अधिक डबे लागणाऱ्यांना जोराचा झटका येण्याचा धोका वाढतो, आणि बारा किंवा अधिक लागणाऱ्यांत मृत्यूचा धोकाही वाढतो. म्हणूनच दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या 'जीना' या संस्थेने 2019 मध्ये, प्रौढांना आणि किशोरांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सूज उतरवणारे औषध सोबत हवेच, असे स्पष्ट केले. रोजच्या पंपाविषयीचा अनुभव याच्या उलट आहे. कॅनडातील सास्काचेवान प्रांतातील रुग्णांचा जो अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात श्वासावाटे घेतलेल्या स्टिरॉइडचा प्रत्येक जादा डबा दम्याने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण 21 टक्क्यांनी कमी असण्याशी निगडित होता.

स्टिरॉइडचा दावा हिशेबानेच तपासावा. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते. त्याचीच गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 4,000 मायक्रोग्रॅमची, एका गोळीत चाळीस फवारे. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून साऱ्या अंगभर जाते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा जिथे दुखणे आहे तिथेच पडतो. स्टिरॉइडचेही तसेच आहे. पंपातून दिवसाला साधारण 400 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड घेणारा माणूस झटका आल्यावर पाच दिवस रोज 40 मिलिग्रॅमच्या हिशेबाने प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या घेतो, तेव्हा वजनाने शंभर पट स्टिरॉइड पोटात जाते. ही तुलना पूर्ण न्याय्य नाही, कारण ब्युडेसोनाइड वजनाच्या मानाने जास्त तीव्र आहे. परंतु त्याचा जो भाग घशातून गिळला जातो, त्यातील सुमारे नव्वद टक्के यकृतातच निकामी होतो. पंपाचे दुष्परिणाम नाहीत असे मी म्हणणार नाही: आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते, म्हणून पंपानंतर चूळ भरून थुंकायची असते, लहान मुलांच्या उंचीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडल्याचे दिसले आहे, आणि मोठा डोस वर्षानुवर्षे घेणाऱ्याने हाडे व डोळे तपासून घ्यावेत. याच्या तराजूत दुसऱ्या बाजूला मध्यरात्री श्वास कोंडलेले मूल ठेवून पाहावे.

आता पुडी. माझ्याकडे येणाऱ्या एका आज्जींनी पंप सोडून कुठल्याशा गावातून आणलेली करड्या रंगाची पुडी सुरू केली आणि दुसऱ्याच दिवशी धाप थांबली म्हणून गल्लीभर सांगितले. चार महिन्यांत चेहरा वाटोळा झाला, साखर वाढली, पिंडऱ्यांची कातडी कागदासारखी पातळ झाली. पुडीवर ना नाव होते, ना घटकांची यादी, त्यामुळे आत काय होते हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ही लक्षणे दीर्घकाळ पोटात गेलेल्या स्टिरॉइडची असतात, आणि बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी देशभर आहेत. अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे, कारण तोवर शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी केलेले असते. पंपातल्या स्टिरॉइडला भिऊन माणूस जिथे जातो, तिथे ते न मोजता मिळते.

प्रतिकारशक्तीचा दावा तर मुळातच उलटा आहे. ॲलर्जीच्या दम्यात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजून धावून जाते. परागकण किंवा धुळीतल्या अतिसूक्ष्म किड्यांची विष्ठा नाकात गेली की आयजीई नावाची प्रतिपिंडे काही पेशींना चेतवतात आणि त्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये ओततात. ही प्रतिपिंडे 1960 च्या दशकात ओळखली गेली. आज तीव्र दम्यासाठी दिले जाणारे ओमालिझुमॅब हे इंजेक्शन नेमके त्यांनाच पकडून निष्प्रभ करते. म्हणजे अद्ययावत औषधे प्रतिकारशक्ती वाढवत नाहीत, तिचा एक धागा तोडतात. हळद-आल्याचा काढा आवडत असेल तर खुशाल प्यावा. तो पंपाच्या जागी बसत नाही, इतकेच.

निमित्ते शोधायची तर ती आपल्या अवतीभवतीच आहेत. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात महिनाभर न वाळलेली वाकळ आणि ओल आलेल्या भिंतीवरची काळी बुरशी, येळ्ळूरच्या खळ्यावरचा भाताच्या मळणीचा भुसा, वडगावच्या मागांवरची सुताची धूळ, निपाणीच्या वखारीतला तंबाखूचा खकाणा. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईची धाप दमाच असेल असेही नाही. ती धुराने फुप्फुसे खराब झाल्याची असू शकते, आणि ते फुंकून करायच्या स्पायरोमेट्रीच्या चाचणीने बऱ्याच अंशी कळते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी क्षयासाठी थुंकीची तपासणी हवी.

"पंप घेऊन पाहिला, गुण येत नाही" हे वाक्य संदेशात नसते, पण त्याला बळ तेच देते. येळ्ळूरच्या एका मावशींना मी दुकानात पंप घेऊन दाखवायला सांगितले. त्यांनी तो तोंडापासून दोन बोटे लांब धरला, दाबला, आणि पांढरा ढग नाकाकपाळावरून वर गेला. श्वास त्यांनी नंतर घेतला. आधी पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, सावकाश आत ओढता ओढता दाबायचे आणि दहापर्यंत मोजत दम धरायचा. हे जमत नसेल तर स्पेसर नावाची प्लास्टिकची नळी लावली की दाबणे आणि ओढणे यांचा मेळ घालावा लागत नाही. मावशींनी तीनशे-चारशे रुपयांचा स्पेसर नेला. औषध तेच राहिले.

पथ्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही: भात किंवा केळे खाल्ल्याने दमा वाढणारी माणसे थोडी आहेत, सरसकट बंद केल्याने मुलांचे पोषण तेवढे घटते. चाळीस दिवसांत बरे झाल्याचे अनुभव मात्र खोटे नसतात, त्यांचा अर्थ चुकीचा लावला जातो. दमा स्वभावतःच चढउतार करतो, आणि बऱ्याच मुलांचा वयात येताना निवळतो. हैदराबादला मृगाला जिवंत मासळीतून दिली जाणारी दवा असो की चाळीस दिवसांचा काढा, ज्याचा वाईट काळ तेवढ्यात ओसरला तो सांगत सुटतो. ज्याचा ओसरला नाही तो मळणीच्या दिवसांत, रात्री दुकान बंद करताना, निळा पंप मागायला माझ्याकडे येतो.