मालकाचा प्रतिसाद: तिसरा पाइप बिल फुगवायला लावलेला नाही

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करता करता वाचला. गणपतीला गावी निघायच्या आदल्या रात्री लाइट गेली, माशांच्या टाकीपाशी हॉलमध्ये पाणी झालं, लाकडी फ्लोअरिंगची पट्टी फुगली, आणि त्यात आमचा फोनही लागला नाही. तुम्हाला आणि घरच्यांना जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. फोनचं काहीतरी करतोय.

पण सर, "एका पाइपचं काम, तीन भोकं पाडून बिल फुगवलं, लाइट आल्यावर वर ढबढब आवाज" असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात, ते फार लागलं. आमचं दुकान छोटं आहे. नवीन गिऱ्हाईक आधी स्टार बघतं आणि मगच पायरी चढतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

तुमची टाकी ४ बाय २ बाय २ फुटांची, म्हणजे साधारण ४५० लिटर पाणी. खालच्या सम्पमधला, म्हणजे टाकीखाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीतला पंप जेवढं पाणी वर चढवतो, तेवढंच पाइपातून खाली यावं लागतं. पाइप तुंबला हे पंपाला कळत नाही, तो ढकलतच राहतो. मागच्या काचेला तुम्ही हौसेने वॅलिस्नेरिया लावली आहे. तिची दोन-चार लांब पानं जाळीतून सुटून पाइपाच्या तोंडाशी बसली, की एकच पाइप असलेली टाकी काठावरून वाहायला लागते.

म्हणून तीन पाइप. पहिल्यातून पाणी पूर्ण भरून वाहतं. आत हवा नसते, त्यामुळे आवाज नसतो. भरलेली बाटली एकदम उलटी केली की घळघळते ना, तसं हवा वाटेत आली की पाइप बोलतो. या पाइपावर गेट व्हॉल्व्ह आहे. बॉल व्हॉल्व्ह स्वस्तात आणि कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतो, पण त्याची मूठ केसभर हलवली तरी प्रवाह एकदम बदलतो आणि बारीक सेटिंग जमत नाही. दुसरा पाइप उरलेलं थोडं पाणी शांतपणे उतरवतो. त्याच्या डोक्यावर हवेची बारीक नळी आहे. काही कारणाने पाणी चढलं की ती नळी बुडते आणि हा पाइपही भरून वाहायला लागतो. तिसरा पाइप कोरडा. त्याचं तोंड सगळ्यांत उंच, त्यातून रोज एक थेंबही जात नाही. तुम्हाला तो फुकटचा वाटला तो यामुळेच. ही मांडणी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. जगभरचे टाकीवाले तिला बीनअ‍ॅनिमल पद्धत म्हणतात.

आता तुम्ही लिहिलेला आवाज. लाइट गेली की पहिला पाइप रिकामा होऊन त्यात हवा भरते. लाइट आल्यावर पंप पूर्ण जोराने पाणी वर टाकतो, पण पहिल्या पाइपातली हवा खालून बाहेर पडेपर्यंत तो नीट ओढत नाही. तेवढा वेळ पाणी दुसऱ्या पाइपात जातं, आणि त्यालाही झेपलं नाही तर तिसऱ्यात. तिसऱ्याचं खालचं टोक मुद्दाम पाण्याच्या वर ठेवलेलं असतं, म्हणजे त्यातून पाणी पडलं की घरात ऐकू जावं. तुम्ही जी ढबढब ऐकलीत, ती तुमची टाकी वाचत असल्याची होती. व्हॉल्व्ह लावलेला एकच पाइप असता, तर त्याच वेळी वरची टाकी काठावरून सांडली असती आणि फ्लोअरिंगची एक पट्टी फुगून भागलं नसतं.

मग जमिनीवरचं पाणी कुठून आलं? ते सम्पमधून आलं. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत म्हणून इथेच सांगतो. पंप बंद पडला की वरच्या टाकीची पातळी साधारण दोन इंच उतरते. तुमच्या टाकीत एक इंच म्हणजे जवळजवळ १९ लिटर. पाइपातलं आणि ओव्हरफ्लोच्या खोक्यातलं (जिथून पाणी पाइपात उतरतं) धरून ४० ते ४५ लिटर पाणी खाली येणारच. त्यासाठी १८ इंच उंचीच्या सम्पमध्ये वरचे आठ इंच मोकळे ठेवले होते, म्हणजे ८५ लिटरची जागा. आमच्या पोराने दहा इंचांवर लाल टेप लावून मार्करने "पाणी इथपर्यंतच" असं लिहिलं होतं. गावी जाताना पाणी आटू नये म्हणून तुम्ही सम्प वर, पंधरा इंचांपर्यंत भरलात. काळजीपोटीच भरलात, मला समजतं. पण मग जागा उरली जेमतेम ३२ लिटरची. बाकीचं बादलीभर पाणी हॉलमध्ये आलं. दुसऱ्या दिवशी आमचा माणूस आला तेव्हा टेप पाण्याखाली होती, त्याने फोटो काढून तुम्हाला दाखवलाही. रिव्ह्यूमध्ये त्याचा उल्लेख नाही. आणि पाण्याची पातळी एवढी वर असली की पहिल्या पाइपाचं टोक इंचभराऐवजी चार-पाच इंच बुडतं, हवा बाहेर पडायला जास्त वेळ लागतो, म्हणून आवाजही लांबला.

पैशांचं सांगतो. तिसऱ्या पाइपाचं भोक, टँक कनेक्टर, यूपीव्हीसी पाइप, एल्बो आणि मजुरी धरून ११५० रुपये झाले. कोटेशनमध्ये ती ओळ वेगळी आहे, खाली तुमची सही आहे. हे भोक आधीच पाडावं लागतं. टाकी चिकटवून, पाणी भरून, मासे सोडल्यावर ते पाडायचं म्हणजे सगळी टाकी परत रिकामी करायची. स्वस्तात उरकायचं असतं तर मीच एका पाइपवर काम दिलं असतं. अशा टाक्या बाजारात भरपूर आहेत, आणि त्या नंतर दुरुस्तीला आमच्याकडेच येतात.

टेपच्या जागी काहीतरी पक्कं लावून देऊ. व्हॉल्व्हची सेटिंग आमचा माणूस फुकट बघून जाईल, पुढच्या आठवड्यात कधीही. फुगलेल्या पट्टीबद्दल दुकानात या, समोरासमोर बोलू.

एक कळकळीची विनंती. दुसऱ्या एका दुकानदाराच्या सांगण्यावरून तुम्ही तिसऱ्या पाइपला टोपण बसवणार आहात, असं लिहिलंय. कृपा करून बसवू नका. आमचा माणूस येईपर्यंत एवढंच करा: पंप चालू ठेवून सम्पमधून दोन-तीन बादल्या पाणी काढा, लाल टेप पाण्याच्या रेषेत येईपर्यंत. ते पाणी कुंड्यांना घातलं तरी चालेल. नंतर दिवसा, तुम्ही समोर असताना, एकदा पंप बंद करून पाहा. सम्पमधलं पाणी काठाच्या तीन-चार इंच खालीच थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर दुकानाच्या नाही, माझ्या स्वतःच्या नंबरवर फोन करा, बिलाच्या मागे लिहिलेला आहे.