नक्षी उचलली, सावली राहिली

उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद म्हटलं की आपल्याला जानेवारी १९६६ आणि शास्त्रीजी आठवतात. त्याच वर्षी २६ एप्रिलला तिथे भूकंप झाला आणि जुन्या वस्त्यांमधली मातीची कितीतरी घरं कोसळली. मग सोव्हिएत काँक्रीटचं नवं शहर उभं राहिलं. त्या काँक्रीटनेच उझ्बेक परंपरा फार समजून जपली, असं माझं ठाम मत आहे.

१९७०चं लेनिन संग्रहालय बघा, आता ते इतिहास संग्रहालय आहे. त्याच्या दर्शनी भागावर 'पंजरा' आहे, म्हणजे जाळी. ती निव्वळ शोभेची नाही, मध्य आशियाचं ऊन अडवते. चोरसू बाजाराचा निळा घुमट १९८०चा; त्याच्याखाली आजही मांस, लोणची, मसाले विकले जातात. जुनं रूप आणि जुनं काम, दोन्ही एकत्र टिकलं.

आज 'उझ्बेक स्टाइल' इंटिरिअरचे फोटो बघते तेव्हा जीव तुटतो. भिंतीला सुझानीची, म्हणजे हाताने भरतकाम केलेल्या कापडाची, छापील नक्कल, कोपऱ्यात साच्यातून काढलेली जिप्समची कमान, वर एसी. गंच म्हणजे हाताने कोरायचा गिलावा. बुखाऱ्याचे उस्ता (म्हणजे कसबी कारागीर) शिरीन मुरादोव यांनी अमीराच्या उन्हाळी महालात आरशांवर गंचाची जाळी बसवली आणि पुढे त्याच हातांनी ताश्कंदच्या नवोई थिएटरचं बुखारा दालन सजवलं. थिएटर १९४७ साली खुलं झालं. तेव्हा नव्या इमारतीत उस्ताला जागा होती. आता त्याची नक्षी हवी असते, तो नको असतो.

आणि घराचा आराखडा? उझ्बेक घराचा जीव 'होवली'त, म्हणजे अंगणात. (हा शब्द आपल्या हवेलीचा सख्खा भाऊ, आणि त्यांचा हौज म्हणजे आपला हौदच.) खिवा या जुन्या उझ्बेक शहरात अंगणाच्या दक्षिणेला उंच ऐवान बांधतात, उत्तरेकडे तोंड करून. कोरीव खांबांची ती उघडी ओसरी वरून येणारा गार वारा झेलते आणि अंगणात सोडते. फ्लॅटमध्ये अंगण येणार नाही, मान्य. पण खोल, सावलीची गॅलरी येऊ शकते, चार बिऱ्हाडांत मिळून एक चौकही येऊ शकतो. असा नकाशा काढणारा आर्किटेक्ट मला सुझानीचे पडदे लावणाऱ्यापेक्षा जास्त उझ्बेक वाटतो.

शहरिसब्झचं मात्र मला अजून दुःख होतं. तैमूरच्या जन्मभूमीतलं हे गाव. अक-सरायचे, म्हणजे तैमूरच्या महालाचे, अवशेष राखले, पण त्यांच्या भोवतीचा जुना मोहल्ला पर्यटकांच्या बागेसाठी पाडला. २०१६ साली युनेस्कोने ते धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं. ज्या अंगणांत माणसं राहत होती, तिथे आता हिरवळ आणि फरसबंदी आहे.